दाराशी उभा कर्णधार

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या आमच्या छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला शिक्षा झाली. जुन्या कोचच्या काळात खेळाडूंचे पेपर दुसऱ्यांनीच लिहिले होते. म्हणून दोन वर्षं मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यांवर बंदी आली आणि ज्याला जायचं असेल त्याला दुसऱ्या कॉलेजात जायची मोकळीक मिळाली. नवे कोच मेरिट ओकली यांनी हे स्वतःच पोरांना सांगितलं. पुढच्या चार दिवसांत अकरा जण निरोप घेऊन गेले. दार वाजलं की ओकलींना वाटायचं, आणखी एक निघाला.

शुक्रवारी सकाळी कर्णधार कॉर्टेझ दारात आला. त्याच्यामागे उरलेला अख्खा संघ उभा होता. ओकलींनी समोरचे कागद बाजूला सारले.

"बोल बाबा. तूही निघालास?"

"नाही, कोच. आम्ही सगळे इथंच राहतोय. ठरलंय आमचं."

ओकलींनी मान डोलावली. कॉर्टेझ मात्र जागचा हलला नाही. मागून कुणीतरी त्याला हळूच ढकललं, तेव्हा मान खाली घालून तो म्हणाला,

 

"पोरं विचारायला घाबरतायत, कोच. तुम्ही कधी निघताय?"