उसनी चाल

एसटीतली वाहकाची जागा यंत्राने घेतली, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या यमुना खिलारेने बार्शीच्या एका उपचार केंद्रात फिजिओथेरपी सहायकाचं काम धरलं. तिच्या पायांना पट्टे बांधायचे. ती चालली, की तिच्या स्नायूंचे संदेश रुग्णाच्या पायांत पोचायचे आणि रुग्णही चालायचा.

आज निवृत्त शिक्षक दाभाडे दोन्ही हातांनी कठडे धरून चालत होते. अपघातानंतर त्यांचे पाय लुळे पडले होते. यमुना त्यांच्या मागून पावलं टाकत होती.

अचानक तिच्या पोटरीत गोळा आला. ती कळवळून खाली बसली आणि तिने घाईघाईने आपल्या पायांचे पट्टे सोडले. आता गुरुजी थांबतील, म्हणून तिने वर पाहिलं.

दाभाडे पुढेच चालले होते.

"यमुनाबाई, आज फार हळू चालवताय मला," ते मागे न बघता म्हणाले.

यमुनाने हातातल्या सुटलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"गुरुजी," ती कशीबशी म्हणाली, "मी खाली बसलेय."

दाभाडे थबकले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, कठडा घट्ट आवळला आणि तिच्याकडे वळायला थरथरतं पाऊल उचललं.