बारा मिनिटांची बॅटरी

पोहे खाताना दिगंबररावांच्या बरगडीखालून बीप-बीप सुरू झालं. हृदय थांबलं होतं आणि शरीर आता आतल्या बॅटरीवर चालू होतं. निरोप घ्यायला बारा मिनिटं मिळतात, हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"वत्सला, मी पोरीला फोन लावतो. तू तेवढा तुझ्या हातचा चहा टाक."

"आलं घालून आणते हं," डोळे पुसत वत्सलाताई म्हणाल्या.

चहाला उकळी येईपर्यंत चारच मिनिटं झाली होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतलं बीप-बीप थांबलं.

बॅटरी जुनी झाली की कमी वेळ टिकते, म्हणून दर महिन्याला तिची चाचणी घ्यायची असते. चाचणीतही अगदी तसंच बीप-बीप वाजतं. ते ऐकून वत्सलाताई दर वेळी रडायच्या, म्हणून दिगंबररावांनी चाचणी कधीच बंद करून टाकली होती.