टोरांटोचा मुक्काम

“बाबा, जगाला चक्कर मारायला किती विमानं लागतात?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ऋजुताने आई-बाबांच्या ट्रॅव्हल ऑफिसात शिरताच विचारलं.

“जगप्रदक्षिणेच्या या एका तिकिटात जास्तीत जास्त सोळा. कर्णिकआजींची भरलीसुद्धा,” बाबा म्हणाले. “टोरांटोचा मुक्काम बसत नाही.”

समोर बसलेल्या आजींचा चेहरा पडला. टोरांटोतल्या थोरल्या बहिणीला त्या वीस वर्षांत भेटल्या नव्हत्या.

ऋजुताने कागद ओढला. “सिडनीहून ऑकलंडला जाताना यांना मेलबर्नला नुसतं विमान बदलायचंय. तिथे मुक्काम नाही, तरी विमानं दोन मोजली! थेट न्या ना, एक वाचेल.”

शेजारी बसलेल्या आईकडे बघत बाबांनी बोटांवर मोजलं. पंधरा! म्हणजे सोळावं टोरांटोचं. आजींनी तिचे गालच ओढले.

“आई, बाबा,” ती ऐटीत म्हणाली, “सुट्टीत मी क्लासला नाही जाणार, इथे तिकिटं काढायला या खुर्चीवर बसणार!”