बंदुकीच्या नावाचा चाकू

"परत पाठव," नव्या चाकूच्या मुठीवरचं बंदूक कंपनीचं नाव वाचून मी शेजारच्या सुगंधाला सांगितलं. "बंदूकवाल्यांनी बंदुकाच कराव्यात."

तिचा चेहरा उतरला. आंब्याची कलमं बांधून मिळालेल्या पहिल्या मजुरीतून तिने तो खिशातला चाकू मागवला होता.

"आजोबा, आयुष्यभर चाकूंना धार लावलीत, आणि नखावर न टेकवताच निकाल?"

मी वरमलो. साठीत वाचायला शिकलो, तेव्हापासून आधी नावच बघतो. पातं अलगद अंगठ्याच्या नखावर टेकवलं. घसरलं नाही, रुतलं; म्हणजे धार पक्की. मग आंब्याची काडी तिरकी कापली. काप एका ओढीत गुळगुळीत निघाला.

"ठेव. पोलाद चोख आहे."

"आणि नाव?"

"ते तुझ्या हाताच्या घामाने पुसलं जाईल. पातं तुझ्या लेकीलाही पुरेल."