कर्दळीच्या कुंडाचं पाणी

या, असे पुढं सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण हसाल तर जरा जपून हसा. ती आपल्यासारख्याच एका कीर्तनवेड्याची आहे.

तर प्राध्यापक गोरक्ष गायधनी प्राचार्यांच्या खोलीबाहेर तांब्या घेऊन उभे होते. तांब्यावर फुलपात्र उपडं घातलेलं, वरून रुमाल बांधलेला. तांब्यात पाणी होतं आणि पाण्यात पाप होतं.

पाप असं. वसतिगृहाच्या मोऱ्यांचं आणि खानावळीतल्या भांड्यांचं पाणी पूर्वी कॉलेजच्या आवारातून उघडंच वाहायचं. डास, वास आणि शेवाळ. गायधनी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांनी उतारावर एक लांबट खड्डा खणवला, त्यात खडी आणि वाळू भरली, वर कर्दळ आणि पाणकणीस लावलं. वरच्या टोकाला साबणाचं पाणी शिरायचं, मुळांमधून झिरपायचं आणि खालच्या टोकाच्या हौदात निवळून उतरायचं. ते बागेला घालायचं, एवढंच लोकांना सांगायचं होतं. पण गेल्या गणपतीत वसतिगृहाच्या मांडवात त्यांना बोलायला उभं केलं, आणि मांडव दिसला की गायधनींचा तोल जायचाच. उपरणं खांद्यावर आलं, पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला, आणि भरात ते बोलून गेले, "या कुंडात शिरतो तो संसार, आणि बाहेर पडते ती गंगा!" टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून पोरं त्यांना बुवा म्हणू लागली आणि खड्ड्याला कुंड.

आता त्र्याऐंशी सालचा श्रावण चालू होता आणि प्राचार्य देवऱ्यांना कुंडाच्या जागी सायकल स्टँड हवा होता. मुरूम भरलेला ट्रॅक्टर फाटकाशी येऊन उभा होता. देवरे म्हणाले, "बुवा, मला पेलाभर पाणी आणून दाखवा. नळाच्या पाण्यासारखं दिसलं तर तुमचं कुंड राहील. नाहीतर आजच बुजवतो."

गायधनी तांब्या घेऊन उताराकडे गेले. वरच्या टोकाला हातभर फेस दिसला. रविवार, सगळं वसतिगृह कपडे धूत होतं. खालच्या हौदापर्यंत जायचं तर वाटेत चिखल, आणि पायांत नवे बूट. जिचा महिमा भर मांडवात गायला होता, त्या गंगेवरचा त्यांचा विश्वास तिथंच, बुटांसकट, कोरडा राहिला. ते मागे फिरले. प्रयोगशाळेतल्या नळाखाली तांब्या धरला, मनात देवाची क्षमा मागितली आणि रुमाल बांधला.

त्यांच्या पंचवटीतल्या घरी आड होता. गोदावरीला पूर आला की शहराच्या नळांना काय येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि तांब्याला पोटातलं सांगता येत नाही.

प्राचार्यांच्या टेबलावर गायधनींनी पेल्यात धार धरली. पेल्यात लालसर, मातकट काहीतरी उतरलं. गायधनींचा हात धारेतच थांबला.

"ही तुमची गंगा?" देवऱ्यांनी आपला अर्धा प्यालेला पेला शेजारी सरकवला. आरपार स्वच्छ. "हे बघा, याला म्हणतात नळाचं पाणी. पलीकडं धरलेलं बोट दिसतंय." आणि ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायला ते खिडकीकडे वळले.

गप्प राहावं तर कुंड जाणार होतं. बोलावं तर अब्रू. गायधनींनी आपल्या अब्रूचं वजन मनात एकदा करून पाहिलं. फारसं भरलं नाही.

"सर, थांबा. नळाचं पाणी ते नव्हे, हे आहे. मी नळावर भरून आणलंय. कुंडापर्यंत गेलोच नाही."

देवरे सावकाश वळले. "मग माझ्या पेल्यात काय आहे?"

खानावळीच्या आक्काबाई नेमक्या चहा घेऊन दारात आल्या होत्या. प्राचार्यांच्या चहापाण्याचं त्याच बघायच्या. "कुंडातलं," त्या म्हणाल्या. "चार दिस झाले, नळाला नुसता चिखल येतोय. तुरटी फिरवली तरी बसंना. मंग खालच्या हौदाचं आणलं. उकळून दिलंय, काय येडी हाय का मी?"

देवऱ्यांचा हात आपसूक पोटावर गेला.

"अहो आक्काबाई!" गायधनींना घाम फुटला. "ते प्यायचं नाही हो! बागेला घालायचं पाणी आहे ते!"

आक्काबाईंनी चहा टेबलावर आदळला. "तुमीच बोलले ना गणपतीत? बाहेर पडती ती गंगा म्हनून? सगळ्यांदेखत! म्हंजी बुवा, तुमी मांडवात, देवाम्होरं उभं ऱ्हाऊन, खोटं बोलले?"

गायधनींनी दोन पेल्यांकडे पाहिलं. एक त्यांचा, एक आक्काबाईंचा. "खोटं नाही बोललो, बाई," ते कसेबसे म्हणाले. "पण खरं बोललो होतो, हे मला आत्ता कळतंय."

देवऱ्यांनी आपला पेला उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, आणि न पिता खाली ठेवला. "ट्रॅक्टर परत पाठवा," ते म्हणाले. "आणि आक्काबाई, उद्यापासून मला बुवांच्या आडाचं पाणी."

झाली गोष्ट. आता हात जोडाल तेव्हा देवामागोमाग त्या आक्काबाईंची एक आठवण काढा. बुवांच्या कीर्तनाला मांडव भरून माणसं होती, पण ते खरं मानलं त्या एका बाईनं. आणि न मानणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढं, उपरणं सावरत, बुवा स्वतः उभे होते.