टॉफी फाटकाशी

टेसाने ट्रेलरचं दार पाडलं, टॉफीला खाली उतरवलं आणि म्होरकी आखूड धरून तिला जनावरांच्या डॉक्टर नॉरीन क्लिंग यांच्यासमोर उभं केलं. टॉफी तिची तपकिरी कालवड. काउंटीच्या जत्रेत कुठलं जनावर आत जाईल आणि कुठलं फाटकावरून परत फिरेल, हे या डॉक्टरच ठरवत. मागे ट्रकांची रांग लागली होती.

डॉक्टरांनी रबरी मोजे चढवले आणि टॉफीच्या कानामागचे केस बाजूला सारले. तिथे बाटलीच्या बुचाएवढी जागा विरळ दिसत होती.

"गजकर्ण?"

"वसंतात झालं होतं," टेसा म्हणाली. "औषध रोज लावलं. खरारा, म्होरकी, दावी, सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढलं. खपली केव्हाच पडली."

"केसही आलेत. चांगलं केलंस." डॉक्टरांनी शिक्का उचलला. "घरात कुणाला खाज, चट्टे?"

"नाही."

"एल्डन, तुम्हाला?"

टेसाचे आजोबा ट्रकला टेकून उभे होते. "मला कशाला होतंय? मी त्या बाईसाहेबांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. विचारा हिला. दूध द्यायला लागेपर्यंत मी कुणाचे लाड करत नाही."

"खरंय," टेसा हसली. "फुकटखाऊ म्हणतात तिला."

हसता हसता तिचं लक्ष गेलं. ऑगस्टचं ऊन होतं, रांगेतला प्रत्येक माणूस अर्ध्या बाहीत होता आणि आजोबांनी मनगटापर्यंत बटणं लावली होती. गळ्याचंही. त्यांचा अंगठा डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, शर्टावरूनच, हळूहळू फिरत होता.

फाटकापलीकडच्या मांडवात गवतावर कालवडी बसल्या होत्या आणि मुलं त्यांच्या पोटावर डोकी टेकून झोपली होती. जत्रेत मुलं अशीच झोपतात. टेसाही लहानपणापासून तशीच झोपत आली होती. यंदा तिला अठरा पूर्ण झाली. पुढच्या वर्षी ती मुलांच्या कालवड-स्पर्धेच्या रिंगणात उतरू शकणार नव्हती.

शिक्का कागदावर उमटायला आला.

"थांबा, डॉक्टर."

तिने म्होरकी त्यांच्या हातात दिली, आजोबांकडे गेली आणि त्यांच्या बाहीचं बटण काढलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. "पोरी, राहू दे ना," एवढंच हळू म्हणाले. तिने बाही वर सरकवली. कोपराच्या आत लाल कडांची कडी होती, एकात एक अडकलेली, कडेला पुसट होत पसरलेली. तिने कॉलर उघडली. जबड्याखाली आणखी एक.

डॉक्टर जवळ आल्या. "यावर काय लावलंत?"

"मार्थाचं, हिच्या आजीचं, मलम होतं कपाटात. खाजेचं."

"खाज थांबली असेल. बुरशीची मात्र चंगळ झाली. ते फेकून द्या. औषधाच्या दुकानातून बुरशीचं मलम आणा, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या बाहेरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाला तरी लगेच सोडू नका. आणि एवढं पसरलंय, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा. टॉवेल वेगळा ठेवा." मग त्यांनी आजोबांकडे नीट पाहिलं. "कोपराच्या आत आणि जबड्याखाली. इथे लागायचं तर कालवडीची मान कुशीत घेऊन बसावं लागतं, एल्डन. वाऱ्याला उभं राहून एवढं होत नाही."

आजोबा ट्रकच्या चाकाकडे बघत राहिले.

डॉक्टर टॉफीकडे परत गेल्या आणि या खेपेला त्यांनी तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी उचलून घड्या उलगडल्या. आत करडी खपली होती, ताजी.

"मी इथे बघितलंच नाही," टेसा म्हणाली.

"इथे कुणीच बघत नाही. मीही आत्ता नव्हतं बघितलं." डॉक्टरांनी मोजे उलटे करून काढले. "परत न्यावी लागेल, टेसा."

"हो."

तिने म्होरकी घेतली. आजोबा तिच्या बरोबरीने चालू लागले. बाही तशीच वर होती.

"तू बोलली नसतीस तर शिक्का बसला असता."

"तुम्ही बोलणार होतात?"

"तुझं शेवटचं वर्ष होतं," ते म्हणाले. "नसतो बोललो."

टेसाने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने तिला कधी शेजाऱ्याचं सफरचंदसुद्धा न विचारता तोडू दिलं नव्हतं.

"तिच्यापाशी बसून काय करत होता?"

"शिकवत होतो. थांबवली की डोकं पाडायची ती. परीक्षकांसमोर डोकं पाडलं की संपलं. तुझा दोर ओढण्यावर भर. तिला तसं चालत नाही. हनुवटीखाली हात धरून ठेवावा लागतो, तिला कंटाळा येईपर्यंत." ते खाकरले. "आता कशाला सांगतोय."

ट्रेलर आला. टेसा थांबली. दोर तिने ओढला नाही, सैलच ठेवला.

टॉफी थांबली. चारही पाय नीट पडले आणि मान वर गेली. धुळीत, ट्रकांच्या रांगेशेजारी, ती तशीच उभी राहिली. आजोबांनी टोपी काढली, हात पाठीमागे बांधले आणि परीक्षक चालतात तसे तिच्याभोवती सावकाश चालू लागले.

मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"थांब की जरा," टेसा मागे न बघता ओरडली. "अजून निकाल लागायचाय."