डोळ्यांदेखत

दुकानासमोरच्या एकेरी रस्त्यावर गाडी आणि सायकल समोरासमोर धडकल्या, तेव्हा न्हावी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची दाढी करत होता. सायकलवाल्याचा गुडघा फुटला. हवालदार विचारायला आले तसे फुलवाला, शिंपी, झाडून सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

“तुम्ही नसती उठाठेव करू नका हं,” मागच्या खोलीतून बायको म्हणाली.

“अगं, डोळ्यांदेखत झालंय! गप्प बसलो तर उद्या आरशात तोंड कसं बघू?” असं म्हणून न्हावी तडक चौकीत गेला आणि त्यानं ठासून सांगितलं, “गाडी डावीकडून आली, सायकल उजवीकडून.”

“म्हणजे गाडीवालाच उलटा घुसला,” हवालदार म्हणाले. गाडीवाल्यानं आईची शपथ घेतली, पण डोळ्यांनी बघणाऱ्या साक्षीदारापुढे त्याचं काय चालणार? त्याला चौकीतच बसवून ठेवलं.

न्हावी छाती फुगवून परतला. अर्ध्या दाढीनिशी ताटकळलेलं गिऱ्हाईक म्हणालं, “शाबास! पण तुझी तर रस्त्याकडे पाठ होती की रे.”

“मग काय झालं? आरशात सगळं लख्ख दिसतं, हे बघा.” आरशात एक बस डावीकडून उजवीकडे चालली होती. बोलता बोलता न्हावी मागे वळला, तर तीच बस दारासमोरून उजवीकडून डावीकडे चालली होती.



“अरे, साबण वाळतोय!” गिऱ्हाईक ओरडलं, पण न्हावी वस्तऱ्यासकट चौकीकडे धावत सुटला होता.